चाकांवरच्या बिऱ्हाडाचा हिशेब



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण जरा कीव करत वापरतो. पण परदेशात लोक असं बिऱ्हाड हौसेनं, पैसे मोजून भाड्यानं घेतात. त्याला मोटरहोम म्हणतात. एकाच गाडीत झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास. डोंगर आवडला की डोंगराशी मुक्काम, तळं आवडलं की तळ्याशी. ऐकायला हे मोठं स्वस्त आणि स्वतंत्र वाटतं. स्वतंत्र ते आहे. स्वस्त आहे की नाही, ते वहीत काय लिहिता आणि काय लिहायचं राहतं यावर ठरतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहिल्या, पण घर चाललं ते पतसंस्थेच्या खतावणीवर. त्यामुळे नात्यात कुणाचा मोठा खर्च निघाला की वही माझ्याकडे येते. अशीच एकदा माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची वही आली. दूल्हाभाई निवृत्त झाले होते. ते दोघं, मुलगा आणि सून अशा चौघांनी मार्चमध्ये चौदा दिवस न्यूझीलंड पाहायचं ठरवलं होतं. पैसा निवृत्तीच्या पुंजीतला होता. असा खर्च एकदाच होतो, आणि चुकला तर पुन्हा भरून निघत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकच गुणाकार होता: दिवसाचं भाडं गुणिले चौदा. सोयीसाठी आपण एक न्यूझीलंड डॉलर पन्नास रुपयांचा धरू. चौघांच्या गाडीला दिवसाला २५० डॉलर धरले तर ३,५०० डॉलर, म्हणजे १ लाख ७५ हजार रुपये. हा आकडा ऋतूप्रमाणे बदलतो. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत तीच गाडी हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट भाड्यानं जाऊ शकते. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले महिने खिशाला आणि हवेला दोन्हीला मानवतात.

दुसरं पान किलोमीटरचं. मोटरहोम बारा लिटर डिझेलमध्ये शंभर किलोमीटर जाते असं धरा, आणि डिझेल दोन डॉलर लिटर. त्यावर आणखी एक खर्च असतो, जो आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाडीला रस्ता वापरल्याचा आकार वेगळा द्यावा लागतो. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला तो अलीकडच्या वर्षांत हजार किलोमीटरला ७६ डॉलर राहिला आहे. गाडी परत करताना कंपनी मीटर पाहून तो वसूल करते. दोन्ही मिळून किलोमीटरला सोळा रुपये पडतात.

दूल्हाभाईंना दोन्ही बेटं पाहायची होती. ऑकलंडला गाडी घ्यायची, वेलिंग्टनहून बोटीनं पिक्टनला उतरायचं, मिलफर्ड साउंडपर्यंत जाऊन क्राइस्टचर्चला गाडी सोडायची. म्हणजे सुमारे २,७०० किलोमीटर. वर बोटीचं भाडं, तेही गाडीच्या लांबीवर. वर एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडल्याचा आकार. रस्ते बहुतेक दुपदरी आणि घाटाचे, आणि साडेतीन टनांवरच्या गाडीला ताशी नव्वदची मर्यादा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, एवढा दिलासा.

तिसरं पान विम्याचं. भाड्यात विमा असतो खरा, पण अपघात झाला तर पहिली मोठी रक्कम भाडेकरूनं सोसायची असते. बऱ्याच कंपन्यांत ती पाच ते साडेसात हजार डॉलर असते. साडेसात हजार म्हणजे पावणेचार लाख रुपये. तेवढी रक्कम गाडी हाती देतानाच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा तेवढी नसेल तर चावी मिळत नाही. काही ठिकाणी ती प्रत्यक्ष कापून नंतर परत देतात. मग जाताना आणि येताना चलनाच्या दरातला फरक आपल्याच माथी. बँका परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळे घेतात ते निराळंच. दिवसाला पन्नासेक डॉलर जास्त भरले की ही जबाबदारी बरीच उतरते. चौदा दिवसांचे पस्तीस हजार होतात. पुंजीवर जगणाऱ्या माणसानं ते भरावेत, असं मी लिहून दिलं. मात्र करारातली बारीक अक्षरं वाचावीत. छताला लागलेली फांदी, चुकीचं इंधन, क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडसारखे मनाई केलेले रस्ते, हे विम्यात सहसा बसत नाहीत.

चौथं पान मुक्कामाचं. कुठेही थांबा, फुकट झोपा, ही समजूत आता चालत नाही. २०२३ च्या कायद्यानं गाडीत पक्का बसवलेला संडास असल्याशिवाय पालिकांच्या जागांवर फुकट मुक्काम साधारणपणे करता येत नाही. दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो. शिवाय चौथ्या दिवशी टाकी रिकामी करायला, गाडीला वीज जोडायला, कपडे धुवायला सोयीचा तळ लागतोच. सात रात्री अशा तळावर शंभर डॉलरप्रमाणे आणि सात रात्री वनखात्याच्या साध्या तळांवर साठप्रमाणे धरल्या तर छप्पन्न हजार रुपये.

पाचवं पान जेवणाचं. ते आपासमोर उघडलं. दूल्हाभाईंचा हिशेब असा, की गाडीत शेगडी आहे, बाजारातून दिवसाला ऐंशी डॉलरचं सामान आणलं की चौघांचं भागतं. हलाल मांसाची दुकानं मोठ्या गावांत शोधून ठेवायची, बाकी दिवस डाळ-भात-अंडी. चौदा दिवसांचे छप्पन्न हजार. लोणची, मसाले इथून न्यायचे. मी बजावलं, की खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करायची, लपवली तर ४०० डॉलर जागेवर दंड. मध तर नेऊच नका.

आपा सगळं ऐकून म्हणाल्या, "अरे भाई, चाकं लावली तरी स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच. चौदा दिवस रोट्या कोण करणार, ते कुठल्या पानावर लिहिलंयस?"

श्रोतेहो, खरोखरच ते कुठल्याच पानावर नव्हतं. हॉटेलपेक्षा मोटरहोम स्वस्त पडते, त्यातला मोठा वाटा घरातल्या बाईच्या कष्टांचा असतो. हात आपले असले की त्यांची किंमत शून्य धरायची आपल्याला सवय आहे. आपांनी चाळीस वर्षं चूल सांभाळली. सात समुद्रांपलीकडे जाऊन तीच चूल फुंकायची असेल, तर सुट्टी नेमकी कुणाची?

म्हणून आम्ही वही पुन्हा मांडली. उत्तरेचं बेट सोडलं. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, टे अनाऊ, मिलफर्ड, आणि ड्युनेडिनवरून परत क्राइस्टचर्च. हे १,७०० किलोमीटर. हजार किलोमीटर वाचले, म्हणजे सोळा हजार रुपये. बोटीचं भाडं वाचलं ते आणखी वेगळं. चौघांच्या बाहेरच्या जेवणाला साडेपाच हजार धरले, तर केवळ वाचलेल्या किलोमीटरवर जवळजवळ तीन रात्री आपांच्या हाताला पीठ लागणार नव्हतं. बोटीच्या पैशांत आणखी काही. उरलेल्या रात्री मुलगा आणि सून आळीपाळीनं शेगडीशी उभे राहतील, हेही वहीत नावानिशी लिहिलं. दूल्हाभाईंच्या नावापुढे भांडी आली.

आता बेरीज पाहा. भाडं १ लाख ७५ हजार, विमा ३५, मुक्काम ५६, डिझेल आणि रस्ता २७, वाणसामान ५६ हजार. झाले साडेतीन लाख. म्हणजे जाहिरातीत दिसणारं भाडं हा निम्माच खर्च. विमानाची तिकिटं, व्हिसा, परदेशी प्रवाशांवरचा माणशी १०० डॉलर आकार (ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो ३५ होता), बोटीच्या फेऱ्या, हे सगळं याच्या बाहेर. त्यावर दहा-पंधरा टक्के राखीव ठेवावेत. टायर फुटतो, पाऊस रस्ता अडवतो, कुणाचा दात दुखतो.

तुमच्यापैकी कुणी असा बेत करत असेल, तर भाव विचारण्याआधी वहीत तीन रकाने आखा. एक रुपयांचा, एक किलोमीटरचा, आणि एक कामाचा: कोण चालवणार, कोण रांधणार, कोण टाकी रिकामी करणार. किलोमीटरचा रकाना कमी केलात, तर बाकीचे दोन आपोआप हलके होतात. आणि कामाच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर बेत तिथेच थांबवा, वही त्या माणसाच्या हाती द्या आणि पुढचा हिशेब त्याला मांडू द्या.