यंत्र एकाचे, खेळ अनेकांचे

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



१९९०च्या दशकात ज्या घरांत शाळकरी मुले होती, त्यांतील अनेक घरांना दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची खेळाची पेटी चांगलीच परिचयाची आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती पेटी बाहेर निघे, 'कॅसेट' बदलण्यावरून भावंडांत भांडणे जुंपत आणि 'मारिओ' व 'काँट्रा' ही नावे आजी-आजोबांच्याही कानांवरून जात. त्यांतील बहुसंख्य पेट्या म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होत्या, हे त्या काळी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'मारिओ' हा खेळ निन्टेंडोने स्वतः निर्माण केला होता. 'काँट्रा' मात्र कोनामी या सर्वस्वी वेगळ्या कंपनीचा होता. मुलांच्या दृष्टीने दोन्ही खेळ एकाच पेटीतले. पण यंत्र बनविणारा एक आणि त्यावरचा खेळ बनविणारा दुसरा, या साध्या भेदातच एका प्रचंड जागतिक उद्योगाच्या यशापयशाचे मर्म दडलेले आहे.

हे नाते समजून घ्यायचे तर नाट्यगृहाचे उदाहरण घ्यावे. नाट्यगृह बांधणारा धनिक उत्तम रंगमंच देईल, मऊ खुर्च्या देईल. परंतु प्रेक्षक तिकीट काढतो ते नाटकासाठी. खेळयंत्राचे, म्हणजे ज्याला आज सर्वत्र 'कन्सोल' म्हणतात त्याचे, असेच आहे. कंपनी अनेकदा यंत्र अत्यल्प नफ्यात, प्रसंगी तोटा सोसूनही विकते. तिची खरी कमाई खेळांच्या विक्रीतून होते आणि बाहेरच्या निर्मात्याने आपल्या यंत्रासाठी खेळ केला, तर त्याच्या प्रत्येक प्रतीमागे ती शुल्क घेते. यातील मेख अशी की, ग्राहक खेळ पाहून यंत्र घेतो आणि निर्माता ग्राहकांची संख्या पाहून खेळ तयार करतो. आधी बीज की आधी वृक्ष, असा हा पेच आहे. तो सोडविण्यात कोण यशस्वी झाले आणि कोण कोसळले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

अपमानातून जन्मलेला व्यवसाय

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली आपले प्रसिद्ध कन्सोल बाजारात आणले. प्रारंभी त्याचे सर्व खेळ अटारीच बनवीत असे. खेळ रचणाऱ्या तंत्रज्ञांना ठरावीक पगार मिळे. खेळावर त्यांचे नाव मात्र छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट या तंत्रज्ञाने 'ॲडव्हेंचर' या आपल्या खेळात एक गुप्त दालन रचून त्यात स्वतःचे नाव लपवून ठेवले, ते याच घुसमटीतून.

डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चार तंत्रज्ञांच्या लक्षात आले की, कंपनीच्या विक्रीचा फार मोठा भाग आपण रचलेल्या खेळांतून येतो. श्रेय आणि मोबदला यांची मागणी घेऊन ते अध्यक्ष रे कसार यांच्याकडे गेले. कारखान्यात खेळांची जुळणी करणाऱ्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही, अशा आशयाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे त्यांनी पुढे सांगितले. ते बाहेर पडले आणि १९७९ साली 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी उभी राहिली. स्वतःचे यंत्र न बनविता दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ विकणारी ती पहिली कंपनी. खेळकर्त्याचे नाव वेष्टनावर ठळकपणे छापण्याची प्रथा तिने पाडली. अटारीने न्यायालयात धाव घेतली. अखेर १९८२ साली तडजोड झाली आणि अटारीला शुल्क देऊन बाहेरच्यांनी खेळ बनविण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी आलेल्या क्रेन यांच्या 'पिटफॉल' या खेळाच्या चाळीस लाखांवर प्रती खपल्या.

येथवरची कथा स्वाभिमानाच्या विजयाची आहे. परंतु दार उघडले आणि उंबरठ्यावर कुणीच उभे नसले, तर गुणी माणसांबरोबर संधिसाधूही आत शिरतात. अटारीसाठी कुणीही खेळ काढू लागले. क्वेकर ओट्स ही न्याहारीचे पदार्थ विकणारी कंपनीसुद्धा या व्यवसायात उतरली. दुकाने सुमार खेळांनी भरून गेली. खुद्द अटारीनेही 'ई.टी.' या चित्रपटावरील खेळ अवघ्या पाच-सहा आठवड्यांत उरकून १९८२च्या नाताळात बाजारात ढकलला. ग्राहकांचा विश्वास उडाला आणि १९८३ साली अमेरिकेतील हा बाजार कोसळला. न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आला. २०१४ साली उत्खनन करून तो पुन्हा बाहेर काढला गेला. अटारीने प्रथम निर्मात्यांना कस्पटासमान लेखले आणि नंतर दर्जावर कोणतेच नियंत्रण राहिले नाही. दोन्ही टोके घातक ठरली.

कुलूप आणि किल्ली

या पडझडीतून धडा घेतला तो निन्टेंडोने. १८८९ साली क्योटो येथे खेळण्याच्या पत्त्यांचा व्यवसाय म्हणून सुरू झालेल्या या कंपनीची सूत्रे त्या काळी हिरोशी यामाउची यांच्याकडे होती. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या 'फॅमिकॉम'साठी पुढच्याच वर्षी हडसन आणि नामको हे बाहेरचे निर्माते पुढे आले. १९८५ साली हे यंत्र 'एनईएस' या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा त्यात एक विशेष चिप बसविलेली होती. निन्टेंडोने मान्यता दिलेली 'कॅसेट' असेल तरच यंत्र चालू होई.

किल्ली अशी हाती आल्यावर निन्टेंडोने अटी घातल्या. बाहेरच्या निर्मात्याने वर्षाला केवळ पाच खेळ द्यावेत, तो खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर आणू नये, 'कॅसेट' निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्यात आणि त्यांचे पैसे आगाऊ भरावेत. खेळ न खपल्यास नुकसान निर्मात्याचे. निन्टेंडोचा वाटा आधीच वसूल! अटी जाचक होत्या, पण त्यांमुळे सुमार खेळांचा पूर थोपला आणि ग्राहक परतला. ज्याच्याकडे ग्राहक, त्याच्या अटी मान्य कराव्याच लागतात. कोनामीने तर पाच खेळांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी 'अल्ट्रा गेम्स' या नावाने दुसरे दुकानच थाटले.

तथापि नाइलाजाने मान्य केलेल्या अटी माणूस कधी विसरत नाही. दुसरा रंगमंच मिळताच मंडळी तिकडे वळू लागली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञांनी सेगाच्या यंत्राची रचना स्वबळावर उकलली आणि त्या जोरावर तिचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी १९९० साली सेगाकडून सवलतीचा करार मिळविला. अमेरिकी फुटबॉलवरील त्यांच्या 'मॅडन' या खेळाने सेगाला अमेरिकेत मोठे बळ दिले.

१९९७चे स्थलांतर

या इतिहासातील निर्णायक वळण सोनीमुळे आले. सोनी आणि निन्टेंडो यांनी मिळून सीडीवर चालणारे यंत्र बनवावे, अशी योजना होती. १९९१ साली निन्टेंडोने जाहीरपणे फिलिप्सचा हात धरला आणि सोनी तोंडघशी पडली. सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी जिद्दीने कंपनीचे स्वतःचे यंत्र उभे केले आणि डिसेंबर १९९४ मध्ये 'प्लेस्टेशन' जपानी बाजारात आले.

सोनीपाशी स्वतःचा 'मारिओ' नव्हता. ही उणीवच तिचे बलस्थान ठरली, कारण बाहेरच्या निर्मात्यांना मानाने बोलाविण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. नामकोसारखी मातब्बर कंपनी प्रारंभापासून तिच्याबरोबर आली. सीडी स्वस्तात आणि झटपट तयार होई. एखादा खेळ अनपेक्षितपणे गाजला, तर अल्पावधीत नव्या प्रती काढता येत. 'कॅसेट' महाग होती आणि तिची मागणी महिनोन् महिने आधी नोंदवावी लागे. सोनीचा प्रतिस्पर्धी असलेल्या सेगाने तर मे १९९५ मध्ये आपले 'सॅटर्न' यंत्र ठरल्या वेळेच्या चार महिने आधीच अमेरिकेत विक्रीस आणले. सोनीला मागे टाकण्याच्या या घाईत आपल्याच सहकारी निर्मात्यांचे खेळ अद्याप तयार नाहीत, याचा विचार झाला नाही.

निन्टेंडोने १९९६ साली आणलेले 'निन्टेंडो ६४' यंत्र सामर्थ्याने प्लेस्टेशनहून सरस मानले गेले. परंतु त्यात पुन्हा 'कॅसेट'च होती. तिची कमाल क्षमता होती ६४ मेगाबाइट. सीडीची सुमारे ६५० मेगाबाइट. स्क्वेअर या कंपनीची 'फायनल फँटसी' ही मालिका १९८७ पासून निन्टेंडोच्याच घरात वाढली होती. तिचे जनक हिरोनोबु साकागुची यांच्या डोक्यात सातव्या भागाची जी भव्य कल्पना होती, ती या 'कॅसेट'मध्ये मावणारी नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर अवतरला, तो प्लेस्टेशनवर. जपानमध्ये अफाट लोकप्रिय असलेली एनिक्स कंपनीची 'ड्रॅगन क्वेस्ट' ही मालिकाही २००० साली त्याच मार्गाने गेली. हिशेब बोलका आहे. प्लेस्टेशनची विक्री १० कोटींच्या पुढे गेली. निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबले. सॅटर्नला एक कोटीचा आकडाही गाठता आला नाही.

यंत्र उत्तम, पण एकाकी

सेगाचे पुढचे 'ड्रीमकास्ट' हे यंत्र काळाच्या पुढचे होते. १९९८ साली आलेल्या या यंत्रात इंटरनेट जोडणीची सोय मुळातच होती. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यासाठी एकही खेळ दिला नाही; ज्या अमेरिकी घरात 'मॅडन' हवाच, ते घर प्लेस्टेशन २ची वाट पाहत राहिले. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रनिर्मिती थांबविण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा लाडका 'सॉनिक' कट्टर प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. नाट्यगृहाचा मालक स्वतःच नाटक मंडळी झाला!

सोनीलाही यशाची धुंदी चढली. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ची रचना इतकी क्लिष्ट होती की, त्यासाठी खेळ लिहिणे जिकिरीचे झाले. मात्र सोनीने चूक ओळखली. प्लेस्टेशन ४च्या रचनेची जबाबदारी मार्क सेर्नी यांच्याकडे आली. ते स्वतः खेळनिर्माते. यंत्र कसे हवे, हे त्यांनी आधी बाहेरच्या निर्मात्यांनाच विचारले. २०१३ साली आलेल्या या यंत्राची विक्री ११ कोटींच्या पुढे गेली.

येथे एक आक्षेप रास्त आहे. २००६ सालच्या निन्टेंडोच्या 'वी' या यंत्राने मुख्यतः घरच्याच खेळांच्या बळावर १० कोटींचा पल्ला ओलांडला नाही का? ओलांडला. परंतु घरच्या बळाची मर्यादाही लगेच दिसली. २०१२ साली आलेल्या 'वी यू'कडे इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससह मोठ्या निर्मात्यांनी लवकरच पाठ फिरविली. 'मारिओ' तेथेही होता, पण विक्री १ कोटी ३६ लाखांपाशी संपली. २०१७ साली 'स्विच' आणताना निन्टेंडोने लहान-मोठ्या स्वतंत्र निर्मात्यांसाठी दारे उघडली आणि त्या यंत्राची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. घरचे खेळ ग्राहकाला दारापर्यंत आणतात. त्याला घरात टिकवून ठेवतात ते बाहेरच्यांचे खेळ.

याच उघडलेल्या दारातून पुणेही आत गेले. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचला. प्राचीन भारताची पार्श्वभूमी, भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी आणि पाठीशी दुर्गामाता, असे त्याचे कथानक. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम स्विचवर आणि त्यानंतर अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. १९८०च्या दशकातील अटींच्या जमान्यात अशा चमूला उंबरठाही ओलांडता आला नसता.

२०२३ साली सोनीने भारतीय निर्मात्यांसाठी 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' जाहीर केला, त्यामागचा विचारही हाच आहे. उद्याचा गाजणारा खेळ कोणत्या गावातून येईल हे सांगता येत नाही, म्हणून गुणी माणसे आधीच जोडून ठेवावीत.

मुलाच्या हट्टापायी उद्या एखाद्या पालकाला कन्सोल घ्यावे लागलेच, तर त्याने दुकानदाराने सांगितलेल्या यंत्राच्या सामर्थ्याच्या आकड्यांवर भुलू नये. त्या यंत्रासाठी कोणकोण खेळ बनवीत आहे आणि पुढची काही वर्षे बनविणार आहे, एवढेच विचारावे. निर्माते निघून गेले की अडगळीत पडलेले यंत्र कंपनीच्या नव्हे, त्या पालकाच्या घरात राहते.

अटारीच्या अध्यक्षांनी जो प्रश्न त्या चौघांना झटकून टाकला, तो साधा होता : आमच्या कामाचे मोल तुम्हाला कळते का? पुढच्या चार दशकांत प्रत्येक कन्सोल कंपनीपुढे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. ज्यांनी त्याचे उत्तर मानाने दिले, त्यांची नाट्यगृहे भरली. इतरांच्या रंगमंचावर दिवे होते, पडदा होता. नाटक मात्र शेजारच्या नाट्यगृहात चालू होते.