डोळ्याचा पांढरा किती पांढरा?



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढले शिक्षण युनियनच्या कचेरीत, मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत. चुकलो तर त्यांनी कान धरावा.

काही वर्षांपूर्वी एक हमाल माझ्याकडे आला. एका कारखान्यात भरतीच्या वेळी त्याचे डोळे नुसते पाहिले आणि ‘मळकट आहेत, कावीळ असेल, नाहीतर दारू’ म्हणून त्याला परत लावले. गडी माळकरी! त्याच्या आईचे डोळे तसेच, धाकट्या भावाचेही तसेच. आम्ही रक्त तपासून घेतले. कावीळ नव्हती. पण तोवर जागा भरली होती.

मग मी वाचू लागलो. बुबुळाचा रंग आपण सारेच न्याहाळतो. घाऱ्या डोळ्यांचे कौतुक तर विचारू नका. भोवतीच्या पांढऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. त्या पांढऱ्यावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. कातडीला रंग देणारे मेलॅनिन या पडद्यातही असते. म्हणून सावळ्या माणसांत, आपल्याकडे काय किंवा आफ्रिकेत काय, बुबुळाच्या कडेने तपकिरी झाक किंवा ठिपके दिसतात. बहुधा दोन्ही डोळ्यांत, सपाट, बुबुळाजवळ गडद आणि दूर फिकट होत जाणारे. गोऱ्या युरोपियनांत हे फार कमी. हा आजार नव्हे.

कावीळ निराळी. तिच्यात रक्तातले बिलिरुबिन वाढते आणि पिवळेपणा सगळ्या पांढऱ्यावर पसरतो. पापणी ओढून पाहिली तरी तो आतही दिसतो.

1997 साली कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी माकडे, वानरे आणि माणूस यांचे डोळे ताडून पाहिले. उघडा पांढरा भाग ही माणसाची खूण, असे त्यांनी मांडले. त्यामुळे आपली नजर कुठे वळली ते दुसऱ्याला कळते. पुढे काही चिंपांझींचेही डोळे पांढरे आढळले, आणि माणसामाणसांतला फरकही अभ्यासकांनी नोंदला. पुस्तकात ‘माणसाचा डोळा’ म्हणून छापतात तो मात्र बहुधा गोऱ्याचाच!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठेपणी एकाच डोळ्यात नवा डाग उठला, वाढू लागला, तर तडक नेत्रतज्ज्ञाकडे जा. तिथे माझे भाषण पुढे करू नका.

तो हमाल आज कांद्याच्या गोणी वाहतो. त्या कारखान्याला आम्ही अर्ज दिला आहे : डोळे पाहून नव्हे, रक्त तपासून ठरवा. उत्तर अजून आलेले नाही.