जहाजाची जबाबदारी कोठें संपते?

परदेशाहून मागविलेला माल समुद्र निर्विघ्न ओलांडून बंदरांत पोंचला, म्हणजे मागविणारा निश्चिंत होतो. परंतु कित्येकदां घोटाळा होतो तो तेथेंच. माल जहाजावरून उतरला आहे, धन्याच्या हातीं मात्र आलेला नाहीं. एवढ्या अवधींत तो नाहींसा झाला, तर भरपाई कोणीं करावयाची?

१९२४ सालीं ब्रुसेल्स येथें ठरलेल्या हेग नियमांनीं वाहतुकीचा काळ माल जहाजावर चढविल्यापासून तो उतरविला जाईपर्यंतच धरला, आणि पुढची जबाबदारी करारावर सोपविली. कंपन्या ही सवलत आधींपासूनच घेत होत्या, ही गोष्ट वेगळी! १९०९ सालीं पेनांग बंदराचा एक खटला प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जो कागद दाखविल्यावांचून माल कोणाच्या स्वाधीन करावयाचा नसतो त्यावर, असें कलम होतें कीं, माल जहाजाच्या यारीवरून सुटतांच कंपनीची जबाबदारी सर्वस्वीं संपली. माल उतरवून घेणाऱ्या अडत्यांनीं तो लबाडीनें भलत्याच हातीं दिला. कागद बँकेपाशीं होते. तरीहि बँक हरली, कारण कलम स्पष्ट होतें.

पुढें १९५९ सालीं सिंगापूरचा खटला त्याच न्यायासनापुढें आला. रँब्लर सायकल कंपनीनें इंग्लंडांतून पाठविलेले सायकलींचे भाग, बिल ऑफ लेडिंग न पाहतां, केवळ एका बँकेच्या हमीपत्रावर, जहाज कंपनीच्याच मुखत्यारांनीं जाणूनबुजून सोडून दिले. कलम जवळजवळ तसेंच होतें. परंतु लॉर्ड डेनिंग यांनीं दाखवून दिलें कीं, तें अक्षरशः मानल्यास कंपनीनें माल जाळला किंवा समुद्रांत फेंकला तरी ती मोकळीच! या वेळीं कंपनी हरली. पहिल्या खटल्यांत लबाडी अडत्यांची होती. दुसऱ्यांत कंपनीच्या बाजूनेंच करार उघड्या डोळ्यांनीं मोडला गेला. धन्याचें नुकसान मात्र दोन्हीकडे सारखेंच, हें मला नेहमीं खटकतें.

भारतांतील मोठ्या बंदरांच्या १९६३ च्या कायद्यानें, २०२१ सालीं नवा कायदा येईपर्यंत, बंदराच्या मंडळावर ठेवदाराचें कर्तव्य टाकलें होतें: शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी मालाची घ्यावयाची. मंडळानें माल ताब्यांत घेऊन पावती दिली, कीं पुढच्या नुकसानींतून जहाज सुटलें. म्हणून खोका फुटका आला असेल तर तसा शेरा त्या पावतीवर पडणें अगत्याचें असे. जहाजावर दावा लावण्यास हेग नियमांप्रमाणें मुदत एकाच वर्षाची. कंपनी बंदराकडे आणि बंदर कंपनीकडे बोट दाखवीत असतां तें वर्ष केव्हांच निघून जातें.