लाडावलेला मुलगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मुलांचे संगोपन’ या विषयावर चार शब्द बोला म्हणून सांगितले. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे, आणि तोही माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

मागल्या दिवाळीत पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर, गणपतीच्या देवळापाशी, एका बाईंनी मला हाक मारली. तीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा तिसरीत माझ्या वर्गात होता. त्याचा विसर पडणे शक्यच नव्हते! गणित अर्धे टाकून खिडकीशी जाणार, दुसऱ्याचे उत्तर मध्येच तोडणार, आणि रोज काही ना काही हरवून घरी जाणार. मी त्याला कितीदा दाराशी उभे केले असेल, त्याला गणती नाही. आई भेटायला आली तेव्हा चारचौघींदेखत मी तिला म्हणाले होते, “घरी लाड फार होतात, दुसरे काय!” फडके रस्त्यावर त्या बाईंनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि मग हळूच विचारले, “बाई, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, ते खरे होते का हो?” गर्दीचे निमित्त करून मी तेथून निघाले.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे.

अशा मुलांचे वर्णन डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली लंडनमधील व्याख्यानांत केले होते. पण त्यांनीही हा नैतिक संयमातला दोष मानला. म्हणजे माझ्याहून फारसे निराळे नव्हे! ‘अवधानाची न्यूनता’ असे नाव अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली रूढ केले. तीच आजची ‘एडीएचडी’. पुढे 2007 साली डॉ. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विकार असलेल्या 223 मुलांच्या व तितक्याच इतर मुलांच्या मेंदूंची चित्रे ताडून पाहिली. मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास ज्या टप्प्यावर येते, तेथे या मुलांत ती साडेदहाच्या सुमारास येते. सर्वांत मोठा विलंब पुढच्या भागात, म्हणजे जेथून आपण स्वतःला आवरतो, थांबतो, आठवण ठेवतो, तेथे दिसला. उलट हालचाली चालवणारा भाग थोडा आधीच तयार झालेला होता. गाडी सुटलेली आणि ब्रेक अजून कारखान्यात, असा हा प्रकार! (यावरून कोणी लगेच मुलाच्या मेंदूचे चित्र काढायला धावू नये. ही सरासरी आहे. निदान होते ते घरची आणि शाळेची, दोन्हीकडची हकीकत नीट ऐकून.)

पण मला खरे बोलायचे आहे ते आयांविषयी. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी, त्यांत डॉ. माधुरी कुलकर्णी होत्या, अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या 100 आयांची चौकशी करून 2009 साली निबंध प्रसिद्ध केला. तो विकार वेगळा खरा, परंतु पुष्कळदा दोन्ही एकाच मुलात नांदतात. त्यांपैकी बहुतेक आयांच्या मनात कमीअधिक चिंता आढळली. अभ्यासाची, भवितव्याची, वागण्याची. आणि काहींना तर दवाखान्याच्या खेपांचीसुद्धा. कल्याण-डोंबिवलीहून चळवळ्या मुलाचा हात धरून शीवची लोकल ज्यांनी पकडली आहे, त्यांना हे निबंधातून कळण्याची गरज नाही.

हल्ली ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली काढलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे, ‘आय.पी.एच.’ या नावाने आपल्याला ती ठाऊक आहे. तेव्हा सल्ला घ्यायला लांब जायला नको. औषधे डॉक्टरांनी सुचवली तर घ्यावीत; ‘शाळकरी पोराला कसली गोळी’ असे शेजारणीने म्हणू नये. आणि मुलींकडे अधिक लक्ष द्यावे. धावणारा मुलगा सर्वांना दिसतो. मागच्या बाकावर स्वप्नात हरवलेली, रोज डबा विसरणारी मुलगी मात्र ‘वेंधळी’ या एका शब्दात निकालात निघते. अशा दोघीतिघी मला आता आठवतात. त्यांच्या आया कधी भेटायलाच आल्या नाहीत, कारण मी त्यांना बोलावले नव्हते.

त्या मुलाला हाच विकार होता का, हे मी आज सांगू शकत नाही. मी डॉक्टर नव्हे. एवढे मात्र सांगू शकते की, आईच्या लाडाने हा विकार होतो असे मला कोठेही वाचायला मिळाले नाही. त्या बाई कल्याणला राहतात. पत्ता मी मिळवला आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.