नळ जोडलेले, नाले तुटलेले



‘स्टेमचं पाणी उद्या बंद’ अशी बातमी आली की ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तिन्ही शहरांत एकाच रात्री पिंपं भरली जातात. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर योजना. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि वाटून घ्यायचं. तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची ही कंपनी. आपली कल्याण-डोंबिवली तिच्यात नाही, आपण मोहिलीला आपलं पाणी उचलतो. पण आयुक्त वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या असूनही पाण्यासाठी शेजाऱ्यांना एकत्र बसता आलं, ही मोठी गोष्ट आहे. ‘हे जमायचं नाही’ असं कुणी म्हणालं की मी शहाडकडे बोट दाखवतो.

मात्र नळातून आलेलं पाणी मोरीतून बाहेर पडलं की भागीदारी संपते. वालधुनी नदी पाहा. अंबरनाथच्या डोंगरातून निघते, 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहते, मग उल्हासनगर, मग कल्याण, मग खाडी. एवढ्याशा नदीवर एक नगरपालिका आणि दोन महापालिका, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, घाण वरून येते. 2014 साली उल्हासनगरात तिच्या पात्रात रसायन ओतलं गेलं, तेव्हा श्वास कोंडलेल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं.

उल्हासचं दुखणं वेगळं नाही. उन्हाळ्यात मोहिलीच्या आसपास जलपर्णी पसरते. ती पोसली जाते वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्यावर, आणि पिण्याचं पाणी आपण तिथूनच घेतो. नदीच्या प्रदूषणाचं हे प्रकरण हरित लवादापर्यंत न्यावं लागलं. शेजाऱ्यांनी बसून सोडवायची गोष्ट वकिलांच्या हाती गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पालिकांच्या हद्दी ओलांडणाऱ्या तापाचं काम याहून नाजूक आहे. डोंबिवलीत राहणारा आणि वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला डेंग्यू झाला. राहत्या पत्त्यावरून नोंद झाली, चाळीत धूरफवारणी झाली, घरोघरची पिंपं उपडी केली गेली. पण एडिस डास दिवसा चावतो, आणि हा मुलगा दिवसभर असतो ठाण्यात. तिथे गाळ्यामागे, पाणी बंद होणार म्हणून भरून ठेवलेलं पिंप झाकणाशिवाय उभं आहे. टॉर्च मारून पाहिलं तर पाणी नितळ दिसतं आणि उजेड पडताच अळ्या सर्रकन तळाशी जातात. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. हा डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. विषाणू लांबवर नेतो तो माणूस, सकाळच्या लोकलने.

म्हणून माझी मागणी लहान आहे. तापाच्या रुग्णाचा कामाचा पत्ता राहत्या पत्त्याइतक्याच काळजीने लिहून घ्यावा. तो ठाण्यातला निघाला, तर डोंबिवलीच्या आरोग्य निरीक्षकाने त्याच दिवशी ठाण्यातल्या निरीक्षकाला फोन करून गाळ्याचा नंबर सांगावा. आणि त्या निरीक्षकाने संध्याकाळच्या आत ते पिंप उपडं करून उलट फोन करावा.