व्हेनिसमध्यें बिऱ्हाड कोठें करावें?

युरोपांतील जुनीं शहरें पाहावयास निघालेल्या बेताच्या ऐपतीच्या प्रवाशापुढें पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो राहण्याचा. प्रवासाचें भाडें एकदांच द्यावयाचें असतें. खोलीचें भाडें मात्र रोज नव्यानें द्यावें लागतें. म्हणून त्याचें सारें लक्ष स्वस्त खोलीकडे लागतें, आणि तेथेंच त्याचा हिशेब बहुधा चुकतो. हिशेब खोलीचा नव्हे, सबंध मुक्कामाचा करावयाचा असतो. इटलींतील व्हेनिस या एका शहराचें उदाहरण घेतलें तरी हें स्पष्ट होईल.

व्हेनिस हें उथळ खाऱ्या सरोवरांतील लहान लहान बेटांवर वसलेलें असून तीं ४०० हून अधिक पुलांनीं एकमेकांस जोडलेलीं आहेत. जुन्या शहरांत मोटारीस वाव नाहीं. पायीं चालावें किंवा वापोरेत्तो नांवाच्या सार्वजनिक बोटींत बसावें, एवढेच सामान्य माणसास मार्ग. १८४६ सालीं आगगाडीचा आणि १९३३ सालीं मोटारींचा पूल झाला, तेव्हां हें शहर भूमीशीं जोडलें गेलें. पुलापलीकडे भूमीवर मेस्त्रे हें गांव आहे. १९२६ पासून तें व्हेनिसच्याच नगरपालिकेंत मोडतें.

काटकसरी प्रवाशाची दृष्टि प्रथम या मेस्त्रेकडे जाते, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. तेथील खोल्या बेटांवरील खोल्यांहून सामान्यतः स्वस्त असतात. गाडी दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोंचते, आणि तिकीट दीड युरोच्या आसपास पडतें. म्हणजे दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च सुमारें ६ युरो. उलट, जुदेक्का या समोरच्या बेटावर बोटीवांचून जातां येत नाहीं. २०२५ सालीं वापोरेत्तोचें एका वेळचें तिकीट ९.५० युरो होतें. अर्थात् दोघांनीं एकदां जाऊन यावयाचें म्हटलें तरी ३८ युरो झाले. ठराविक मुदतीचा पास काढल्यास हा भार हलका होतो, परंतु त्याची किंमत खोलीच्या भाड्यांत मिळवूनच ती खोली स्वस्त कीं महाग, हें ठरविलें पाहिजे.

मेस्त्रेचा खरा तोटा पैशाचा नसून वेळेचा आहे. दिवसभरापुरते येणारे हजारों लोक सकाळीं दहाच्या सुमारास शहरांत शिरतात आणि सायंकाळीं परततात. मेस्त्रेहून येणारा प्रवासी बहुधा त्याच गर्दींतून जातो व येतो. रियाल्तोच्या बाजारांत पहांटे उतरणारी भाजी व मासळी, दुकानांचा माल घेऊन कालव्यांतून जाणाऱ्या होड्या, रात्रीं रिकाम्या चौकांत घुमणारा पावलांचा आवाज, हें व्हेनिस त्याच्या वाट्यास क्वचितच येतें. दुपारीं घटकाभर पाठ टेकण्यास खोलीवर परतणेंहि त्याला जड जातें. बरोबर वृद्ध माणसें किंवा मुलें असलीं म्हणजे ही अडचण विशेष जाणवते. म्हणून मुक्काम एक-दोन रात्रींचाच असेल, तर चार पैसे अधिक देऊनहि बेटावर राहावें. दिवस अधिक असतील, तर मेस्त्रेच्या स्टेशनाजवळ बिऱ्हाड करून शेवटची एक रात्र तरी आंत काढावी.

आंत राहावयाचें तर सान मार्कोचा परिसर सोडून कान्नारेज्यो किंवा कास्तेल्लोचें पूर्वेकडील टोक पाहावें. कान्नारेज्यो स्टेशनास लागूनच असल्यामुळें सामान घेऊन फार पूल चढावे लागत नाहींत. १५१६ सालीं ज्यू लोकांसाठीं राखलेली ‘गेत्तो’ नांवाची वस्ती याच भागांत आहे, आणि तिच्याच नांवावरून तो शब्द जगभर गेला. कांहीं ख्रिस्ती मठ व धर्मसंस्था प्रवाशांस साध्या, स्वच्छ खोल्या देतात. मात्र रात्रीं ठराविक वेळेस दार बंद होतें, हें आधीं विचारून घ्यावें. तसेंच, तेथील घरांचे क्रमांक गल्लीवार नसून सबंध विभागास एकच माळ असते व ती हजारांच्या घरांत जाते. नुसत्या पत्त्यावर विसंबूं नये. जवळचा बोटीचा धक्का कोणता आणि वाटेंत पूल किती, हें घरमालकाकडून लिहून घ्यावें.

पादुआसारख्या शेजारच्या शहरीं राहून व्हेनिस पाहणारेहि पुष्कळ. पादुआ स्वतः प्रेक्षणीय आहे. तेथील विद्यापीठ १२२२ सालचें. परंतु २०२४ पासून व्हेनिसमध्यें गर्दीच्या ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशकर बसूं लागला. नगरपालिकेच्या हद्दींत, अर्थात् मेस्त्रेंतहि, रात्रीं राहणारास तो माफ ठेवला गेला. पादुआंत उतरणाऱ्या प्रवाशास नाहीं. रात्रीं राहणारास मुक्कामाचा निराळा कर मात्र असतो.

या हिशेबास आणखी एक बाजू आहे. १९५१ सालीं व्हेनिसच्या जुन्या शहरांत सुमारें १,७५,००० माणसें राहत. २०२२ सालीं ही संख्या ५०,००० च्या खालीं गेली. रियाल्तोजवळील एका औषधांच्या दुकानाच्या काचेआड २००८ पासून हा घटता आंकडा लोकांपुढें मांडण्यांत आला. या ऱ्हासाचीं कारणें अनेक. परंतु भाडेकरूस मिळावयाचें घर प्रवाशास रात्रीच्या बोलीनें देणें अधिक किफायतशीर ठरतें, हें त्यांपैकीं एक होय. प्रवाशानें अशीं घरें सर्वस्वीं वर्ज्य करावीं, असें नाहीं. मोठ्या कुटुंबास स्वयंपाकघर असलेलें घरच परवडतें. तथापि इटलींत २०२५ च्या आरंभापासून अशा प्रत्येक घरास सरकारी ओळखक्रमांक बंधनकारक झाला आहे, तो पाहूनच पैसे द्यावे. आणि जेथें मठ, लहान खानावळ-हॉटेल किंवा स्वतः मालक राहत असलेल्या घरांतील खोली मिळण्यासारखी असेल, तेथें ती आधीं पाहावी.

ज्या शहराची शोभा पाहण्यासाठीं मनुष्य इतक्या दुरून जातो, तें शहर तेथील शाळा, बाजार आणि शेजार यांच्या जोरावर उभें असतें. त्या वस्तीस जागा ठेवून आपली सोय पाहणें, हीच प्रवाशाची खरी काटकसर होय.