सीमेवरील शाळा आणि मुलांची मने
(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



सीमारक्षण म्हटले की डोळ्यांसमोर जवान उभा राहतो. त्याच सीमेवर पाठीवर दप्तर घेतलेली मुलेही राहतात, याचे विस्मरण होता कामा नये. ७ मे २०२५ रोजी पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफगोळे कोसळले. मृतांमध्ये शाळकरी मुलेही होती. १० मे रोजी गोळीबार थांबविण्याचे ठरले. पण मुलांच्या मनातील भय असे ठरवून थांबत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने जम्मू विभागातील सीमावर्ती जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले. त्यांनी देहाचे रक्षण होते. मनाचे काय?

भेदरलेले मूल 'मला भीती वाटते' असे क्वचितच सांगते. त्याचे पोट दुखते, ते रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते. दार आपटले तरी कानांवर हात ठेवते. वर्गात शून्यात पाहत बसते किंवा विनाकारण मारामारी करते. अशा मुलाला आळशी वा उनाड ठरवून शिक्षा करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी मुलांसाठी युद्धकालीन शिशुगृहे चालविली. त्यांचे निरीक्षण असे की, आईपासून झालेली ताटातूट अनेक मुलांना बॉम्बपेक्षाही अधिक खचविते. मायेचे माणूस जवळ असणे, हाच मुलाचा मोठा आधार.

घराबाहेर हा आधार शिक्षक देऊ शकतो. शाळा सुरू राहावी, तासांचा क्रम ठरलेला असावा. बंकरमध्ये जाण्याचा सराव आधी सांगून, शांतपणे करावा. चित्रे, खेळ, गोष्टी यांना वेळ द्यावा; मात्र घडलेले सांगण्याची सक्ती कधीही करू नये. मूल स्वतःहून बोलले, तर ऐकावे. 'आता काहीच होणार नाही' असे खोटे आश्वासन न देता, 'धोका आला तर आपण काय करायचे, हे आपल्याला ठाऊक आहे' असे सांगावे. महिन्याभरानंतरही लक्षणे ओसरली नाहीत, तर तज्ज्ञांकडे न्यावे. १०ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांकही उपलब्ध आहे. आणि ज्याने त्याच रात्री तोच गोळीबार सोसला, त्या शिक्षकालाही आधार हवा, हे विसरू नये.

आपले कर्तव्य कोणते? 'शूराची मुले रडत नाहीत' असे आपण कौतुकाने म्हणतो. मुले रडतात, आणि त्यांनी रडावे. मदतीस जाणाऱ्याने त्यांना व्यासपीठावर उभे करून प्रसंग वदवून घेऊ नये, छायाचित्रांसाठी रांगेत उभे करू नये. वह्या-पुस्तके अवश्य द्यावीत. पण वर्षभराने पुन्हा जाऊन त्याच मुलाला नावाने हाक मारावी. आपल्याला कोणी विसरले नाही, हा विश्वास त्या मुलाला मिळणे, हीच खरी सेवा.